वाचता न येणाऱ्या वर्गातून अध्ययन अक्षम मूल ओळखायचे कसे?

घाटंजीचा_फळा

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथी हे दोन वर्ग सांभाळतो. अध्ययन अक्षमतेवरची (म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणाऱ्या अडचणीवरची) जी प्रशिक्षणे आमच्या वाट्याला येतात, ती बहुधा अशी शाळा डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असतात, जिथे वर्गातली बहुतेक मुले नीट वाचतात आणि एखाददुसरेच मूल मागे राहते. तिथे ते मूल आपोआप उठून दिसते. आमच्याकडे तिसरीत परिच्छेद अडखळत वाचणारी मुलेच जास्त असतात आणि प्रत्येकाचे कारण निराळे असते. कुणी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर जाऊन थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतलेले असते, कुणाच्या घरी कोलामी किंवा बंजारा बोलली जाते, कुणाला मागच्या ओळीतून फळाच दिसत नाही, तर कुणाला पहिलीत धड शिकवलेच गेलेले नाही. या गर्दीत जे मूल खरोखर अध्ययन अक्षम आहे, ते वेगळे कसे काढायचे?

माझे मत असे होत चालले आहे की मूल आज कोणत्या पातळीवर आहे, यावरून फारसे काही कळत नाही. नीट शिकवल्यावर ते किती सरकते, हे पाहावे लागते. माझ्या वर्गातली दोन मुले जुलैमध्ये एकाच पातळीवर होती. दोघांनाही अक्षरे येत होती, शब्द येत नव्हते. त्यातली मुलगी स्थलांतरित कुटुंबातली. तिला रोज थोडा वेळ वेगळे बसवल्यावर पोळ्यापर्यंत ती छोटे परिच्छेद वाचू लागली. मुलगा मात्र तिथेच राहिला. हा मुलगा तोंडी हिशेबात वर्गात सर्वांत तल्लख आहे. वेचलेल्या कापसाचे किलो आणि वेचणीचा दर सांगितला की मजुरी तोंडावर सांगतो. वाचताना मात्र ‘घर’ला ‘धर’ म्हणतो, पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतो आणि पहिल्या ओळीत कष्टाने वाचलेला ‘शेतकरी’ तिसऱ्या ओळीत आला की पुन्हा नव्याने फोडू लागतो. त्याच्या वहीत एकाच पानावर ‘पाऊस’ हा शब्द ‘पउस’, ‘पास’ आणि ‘पाउसू’ अशा तीन प्रकारे लिहिलेला आहे.

आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडते आणि दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी विस्कटते. त्यामुळे सलग शिकवून पाहण्यासाठी हातात येणारा काळ जुलै ते ऑक्टोबर एवढाच आहे. या काळात नेमके काय पाहावे, काय नोंदवावे आणि पुढे कोणाकडे पाठवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

निवृत्त_मुख्याध्यापक

सर, आपला प्रश्न रास्त आहे. परंतु एक शंका मांडल्यावाचून राहवत नाही. आमच्या काळातही अशी मुले होती. त्यांना आम्ही पुन्हा पुन्हा गिरवायला लावले, पाढे म्हणवून घेतले आणि त्यातली कितीतरी पुढे संसाराला लागली, काही तर आज माझ्यापेक्षा उत्तम शेती करतात. हल्ली कोणतेही मूल अडले की त्याला एखादे इंग्रजी नाव चिकटवण्याची घाई होते, आणि एकदा नाव चिकटले की शिकवण्याची जबाबदारी संपली असे मानणारे शिक्षक मी पाहिले आहेत. अशा निदानाचा उपयोग मुलापेक्षा शाळेलाच अधिक होतो की काय, असे वाटते.

फिरती_शिक्षिका

गुरुजी, आपली भीती निराधार नाही, पण ‘ढ’ हेही एक नावच होते आणि ते तर कोणत्याही तपासणीवाचून चिकटत असे. जी मुले उत्तम शेती करतात ती आपल्याला दिसतात. जी सहावी-सातवीत शाळा सोडून गेली, त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मी गट साधन केंद्रात (तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या केंद्रात) समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात शिकवण्याचे, काम करते. घाटंजीच्या सरांनी जी कसोटी लावली आहे तीच मला योग्य वाटते, म्हणून तिचे टप्पे थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वांत आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आरोग्य तपासणीसाठी शाळेत येते त्या दिवशी हे मूल हजर असेल असे पाहावे आणि पथकाला त्याच्याविषयी मुद्दाम सांगावे. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक ऐकूच येत नसेल, तर तो फरक त्याने लिहावा कसा?

त्यानंतर बोली. वऱ्हाडी घरातले मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहिते, तेव्हा ते आपल्या कानांशी प्रामाणिक असते. ऐकलेला ध्वनी त्याने बिनचूक अक्षरात उतरवला आहे, म्हणजे अक्षर आणि ध्वनी यांची सांगड त्याला जमते. सरांच्या विद्यार्थ्याने ‘पाऊस’ तीन तऱ्हांनी लिहिला, ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्याची चूक कोणत्याही बोलीशी जुळत नाही आणि स्वतःशीही जुळत नाही. वही तपासताना लाल शाई फिरवण्याआधी हा भेद पाहिला, तर निम्मे काम तिथेच होते.

मग वाचनाचा वेग. इंग्रजीवरून तयार झालेल्या याद्यांमध्ये चुकांवर भर असतो. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ असल्याने आपली अध्ययन अक्षम मुले चौथी-पाचवीपर्यंत पुष्कळदा बरोबर वाचू लागतात, पण अतिशय संथ वाचतात. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. ‘वाचता येते’ या रकान्यात त्यांच्यापुढे बरोबरची खूण पडते आणि ती निसटतात. अक्षरे उलटी लिहिणे हीच अध्ययन अक्षमतेची खूण, असा समज पालकांत आणि शिक्षकांतही घट्ट आहे; परंतु सहा-सात वर्षांपर्यंत उलटसुलट अक्षरे पुष्कळ मुले काढतात आणि केवळ त्यावरून काहीच ठरत नाही.

नोंदीसाठी एक साधी वही पुरते. दर पंधरवड्याला त्याच पातळीचा नवा उतारा द्यावा, एक मिनिट वाचू द्यावे, बरोबर वाचलेले शब्द मोजावेत आणि दोन-तीन चुका जशाच्या तशा उतरून ठेवाव्यात. चार महिन्यांत तो आकडा हललाच नाही, तर आपल्यापाशी ‘मूल कच्चे आहे’ या मतापेक्षा पुष्कळ अधिक असते.

यानंतर एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या ॲपमधली पडताळणी सूची भरावी. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो, दुसरा विशेष शिक्षक किंवा मुख्याध्यापकांनी. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. निदान आणि प्रमाणपत्र वैद्यकीय यंत्रणेकडूनच मिळते, आणि 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे (2024 मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या) आठ वर्षे पूर्ण होण्याआधी ते देता येत नव्हते. शिकवण्यासाठी मात्र प्रमाणपत्राची गरज नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे जे एकवीस प्रकार आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन करणे हे शाळेचे कर्तव्य ठरते. गुरुजी, नाव मिळाले की जबाबदारी संपते असे मानणाऱ्यांसाठी एवढे कलम पुरेसे आहे.

मेळघाट_पायवाट

ताई, बोलीचा मुद्दा आमच्या धारणी-चिखलदऱ्याकडे आणखी पुढे जातो. वऱ्हाडी ही मराठीच आहे. कोरकू ही मराठीच्या कुळातलीच नाही, ती मुंडा गटातली भाषा आहे. कोरकू घरातून आलेले मूल पहिली-दुसरीत मराठी वाचायला शिकत नसते, ते मराठीच शिकत असते. अशा मुलाला तिसरीत चाळणी लावली, तर जवळजवळ संपूर्ण वर्ग संशयित ठरेल.

मी एक करतो. मूल वाचनात अडते तेव्हा त्याच वयाच्या दुसऱ्या कोरकू मुलांशी त्याची तुलना करतो, मराठी घरातल्या मुलांशी नाही. शिवाय त्याला कोरकूतच गोष्ट सांगायला लावतो, शब्दांचे तुकडे पाडायला लावतो, यमक जुळवायला लावतो. स्वतःच्या भाषेतही शब्दातला पहिला आवाज वेगळा काढता येत नसेल, सूचनांचा क्रम लक्षात राहत नसेल आणि घरची मंडळीही ‘हा भावंडांपेक्षा उशिरा बोलायला लागला’ असे सांगत असतील, तर मी ते मूल वेगळे नोंदवतो. मला कोरकू कामापुरतीच येते, त्यामुळे अंगणवाडीच्या ताईंना सोबत बसवतो. त्यांच्याइतकी त्या मुलांची माहिती कोणत्याच अधिकाऱ्याकडे नसते.

झाडीपट्टी

गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडच्या शिक्षकांसाठी एक भर घालतो. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. ज्या मुलाला हा आजार आहे ते दुखण्यामुळे वारंवार गैरहजर राहते, रक्तक्षयामुळे वर्गात पेंगते, आणि काही मुलांत मेंदूला रक्तपुरवठा कमी पडून बाहेरून न दिसणारी इजा होते, तिचा परिणाम लक्ष आणि स्मरणावर दिसतो. आधी ठीक वाचणारे मूल अचानक मागे पडू लागले, तर त्याला अध्ययन अक्षम ठरवण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. अध्ययन अक्षमता अशी मध्येच सुरू होत नाही. सिकलसेल हाही त्या एकवीस प्रकारांपैकीच एक आहे, हे पुष्कळ शाळांना ठाऊक नसते.

सेलूची_आई

मी शिक्षिका नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात आमची शेती आहे. मुलगी आता सातवीत आहे. तिचे वाचन बरे आहे; आकडे हा तिचा शत्रू. वर सगळे वाचनाविषयीच लिहिले गेले आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तिला सत्तावीस लिहायला सांगितले की ती 72 लिहीत असे, कारण कानावर आधी ‘सत्ता’ पडते. एकोणचाळीस म्हटले की तिच्या हातून चाळीसच्या पुढचेच काहीतरी उतरे. 2019 साली दुसरीच्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी संख्या वाचण्याची पद्धत आली आणि तिच्यावर राज्यभर टीका झाली, विनोदही झाले. टीका करणाऱ्यांचे म्हणणे मी वाचले आहे, पण माझ्या मुलीला ‘वीस सात’ म्हणायला शिकवले तेव्हा पहिल्यांदा तिने 27 न चुकता लिहिले. पुढे रूढ नावेही आली, उशिरा आली एवढेच.

तपासणीचा अनुभव मात्र कडू आहे. कोणत्या रुग्णालयात ते लिहीत नाही. आम्हाला पुढची तारीख, मग आणखी पुढची तारीख मिळत गेली. एका दिवसाची खेप म्हणजे दोन माणसांची मजुरी आणि बसचे भाडे. चाचणी घेणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, परंतु काही भाग इंग्रजीत होता आणि माझी मुलगी मराठी शाळेत शिकते. मराठीतून चाचणी मिळू शकते का, हे कोणी सांगितले तर इतर पालकांना उपयोग होईल.

आणखी एक सांगते. घरातल्या मोठ्यांचा प्रमाणपत्राला विरोध होता. मुलीच्या जातीला ‘दिव्यांग’ असा कागद झाला तर पुढे लग्नात अडचण येईल, असे त्यांचे म्हणणे. मुलगा असता तर हा प्रश्न इतक्या जोराने निघाला नसता, असे माझे मत आहे. शिक्षकांनी पालकांशी बोलताना पहिल्याच भेटीत प्रमाणपत्राचा विषय काढू नये. आधी मुलीला काय येते ते सांगावे, मग काय अडते ते, आणि आपण उद्यापासून वर्गात काय करणार आहोत ते. कागद त्यानंतर.

फिरती_शिक्षिका

सेलूच्या ताई, मराठीतील साधन आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेले ‘डाली’ हे साधन 2015 मध्ये आले. ते भारतीय भाषांमधील वाचनदोष तपासण्यासाठीच आहे आणि त्यात मराठीचा समावेश आहे. प्रत्येक ठिकाणी ते वापरले जाईलच असे नाही, परंतु मुलगी मराठी माध्यमात शिकते आणि तिची तपासणी मराठीतून व्हावी, असे मुख्याध्यापकांच्या पत्रात स्पष्ट लिहून न्यावे. सोबत वर्गातल्या दोन-तीन वर्षांच्या वह्या न्याव्यात. एका दिवसाच्या चाचणीपेक्षा त्या वह्या पुष्कळदा अधिक सांगतात.

घाटंजीचा_फळा

सर्वांचे आभार. ओळखण्याचा रस्ता बराच स्पष्ट झाला. आता शिकवण्याविषयी विचारतो. दोन वर्ग, पोषण आहाराची नोंद, रोजची ऑनलाइन माहिती आणि मध्येच येणारी शाळाबाह्य कामे यांत एका मुलासाठी स्वतंत्र वेळ काढणे कागदावर सोपे दिसते. आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) विशेष शिक्षक महिन्यातून एखाद्या वेळी येतात. 2024 मध्ये राज्याने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची 4860 पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, हे स्वागतार्हच आहे. पण पद भरले तरी एका केंद्रात किती शाळा असतात, ते आपण जाणता. तेव्हा उरलेल्या दिवसांत माझ्यासारख्याने काय करावे?

फिरती_शिक्षिका

सर, एका मुलासाठी वेळ काढूच नका. तिसरी आणि चौथीतली एकाच पातळीवरची चार-पाच मुले एकत्र बसवा, इयत्ता विसरा. रोज वीस मिनिटे, शक्यतो परिपाठ संपल्याबरोबर, कारण दुपारनंतर या मुलांची शक्ती संपलेली असते. आठवड्यातून एकदा दोन तास घेण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे कितीतरी अधिक उपयोगी पडतात.

सुरुवात अक्षरांपासून करू नका, आवाजापासून करा. ‘कापूस’ म्हणा आणि टाळ्या वाजवून तुकडे पाडा: का, पू, स. ‘का’ काढून टाकला तर काय उरते, ‘पू’च्या जागी ‘प’ ठेवला तर काय होते, असे खेळ डोळे मिटून, वहीवाचून घ्या. ज्याला हे तोंडी जमत नाही, त्याला फळ्यावर कितीही वेळा लिहून दिले तरी ते पक्के बसत नाही.

अक्षरे घेताना दिसायला सारखी अक्षरे एकापाठोपाठ घेऊ नयेत. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यामध्ये पुरेसे अंतर असू द्यावे. एक हाताला आणि डोळ्याला पक्के झाल्यावरच दुसरे आणावे. परातीत बारीक वाळू घेऊन बोटाने अक्षर काढायचे आणि काढतानाच त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, ही पद्धत जुनीच आहे. गुरुजींच्या काळातला धुळाक्षरांचा वारसाच तो. फरक एवढाच की इथे आवाज न करता नुसते गिरवणे चालत नाही. शुद्धलेखनाच्या नावाखाली फळ्यावरून दहा वेळा उतरवून घेणे तर पूर्ण बंद करावे. अशा वेळी मूल रेघा उतरवत असते, शब्द नव्हे.

मात्रांमध्ये दोन जागा विशेष अवघड आहेत आणि त्या आपल्या लिपीतच आहेत. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहावी लागते, पण तिचा उच्चार नंतर होतो. रफाराचे उलट: ‘सूर्य’मध्ये र् आधी ऐकू येतो आणि चिन्ह मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते. वर्गातली इतर मुले हे सवयीने ओलांडून जातात. या मुलांना ते उघड करून सांगावे लागते, रंगीत खडूने क्रम दाखवावा लागतो आणि त्यासाठी आठवडे द्यावे लागतात. जोडाक्षरांची घाई त्याआधी करू नये.

वाचन कच्चे आहे म्हणून बाकीचे शिक्षण थांबू देऊ नका, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. परिसर अभ्यासाचा धडा त्याला दुसऱ्या मुलाने वाचून दाखवावा आणि उत्तरे तोंडी घ्यावीत. आपला तोंडी हिशेब करणारा मुलगा गणितात केवळ शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही म्हणून मागे पडत असेल, तर ते उदाहरण वाचून दाखवणे ही सवलत नसून गणिताची खरी परीक्षा घेणे आहे. सर्वांसमोर अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. कोणता परिच्छेद वाचायचा आहे ते आदल्या दिवशी सांगावे.

सेलूच्या ताईंच्या मुलीसारख्या मुलांसाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि मण्यांची माळ पाचवी-सहावीपर्यंतही वापरावी. ‘आता मोठी झालीस’ म्हणून ती काढून घेण्याची गरज नाही. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच अंक लिहायची सवय लावली की उभ्या मांडणीतले निम्मे गोंधळ संपतात.

आणि कृपया, स्मरणशक्तीची औषधे, रंगीत काचांचे चष्मे किंवा महिन्याभरात वाचन सुधारून देणारे शहरातले वर्ग यांवर पालकांचे पैसे जाऊ देऊ नका. रोज थोडे, क्रमाने आणि पुष्कळ उजळणीसह शिकवणे, याला आजवर पर्याय सापडलेला नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक

बाई, धुळाक्षरांचा उल्लेख करून आपण मला गप्प केलेत. माझा आक्षेप मी पूर्णपणे मागे घेत नाही. परंतु आपण वर्णन केलेले काम नाव चिकटवून हात झटकण्याचे नाही, हे मान्य करतो.

तरीही एका गटाविषयी कोणी बोलत नाही. ज्या मुलांची एकूण समज थोडी कमी असते, पण बौद्धिक दिव्यांगत्वाच्या व्याख्येत बसण्याइतकी नसते, ती या कायद्याच्या कोणत्याच प्रकारात येत नाहीत. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी बुद्धिमत्ता सर्वसाधारण असावी लागते. म्हणजे सर्वांत अधिक मदतीची गरज असलेले मूल दोन्ही दारांबाहेर उभे. त्यातच 2023 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत नापास होण्याची तरतूद परत आली आहे. या मुलांचे काय करायचे?

फिरती_शिक्षिका

गुरुजी, या प्रश्नाला शासनाच्या पातळीवर आज समाधानकारक उत्तर नाही. शाळेच्या पातळीवर एवढेच म्हणता येईल की वर सांगितलेली वीस मिनिटे प्रमाणपत्र विचारत नाहीत. ही मुलेही त्याच गटात बसू शकतात आणि बसवावीतच.

सेलूची_आई

मराठी साधनाबद्दल आभार, ताई. दहावीला अजून अवकाश आहे, पण लेखनिकाविषयी, म्हणजे परीक्षेत मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणाऱ्याविषयी, आताच विचारून ठेवते. तो कोण असतो आणि त्याची व्यवस्था कोणी करायची? आमच्या शाळेत ही सवलत आजवर कोणी घेतलेलीच नाही.

फिरती_शिक्षिका

लेखनिक खालच्या इयत्तेतला विद्यार्थी असतो. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. वर्धा जिल्हा नागपूर मंडळात येतो, तर घाटंजीच्या सरांकडचे अर्ज अमरावतीला जातील. आपल्या मुलीचे लेखन ठीक असेल, तर तिला लेखनिकापेक्षा दर तासामागे मिळणारी वीस मिनिटे जादा वेळ आणि गणकयंत्र यांचाच उपयोग अधिक होईल, असे मला वाटते. ज्यांना लेखनिक लागणारच आहे, त्यांना आठवीपासून घटक चाचण्यांमध्ये त्याच पद्धतीने बसवावे, कारण मनातले उत्तर दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि दहावीच्या पहिल्या पेपरला ते जमत नाही. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची तारीखही आधीच पाहून ठेवावी. 2018 च्या सूचनांनुसार चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे, आणि चौदावे वर्ष साधारणपणे नववीच्या आसपासच येते. सर्व कागदांची एक प्रत घरी ठेवावी. शाळा बदलली की दाखल्याबरोबर ही फाइल जातेच असे नाही.